पहिल्या नवऱ्याची इस्टेट आणि तिच्यातली माणसं

मागच्या अंकात मी जॉर्ज वॉशिंग्टनच्या मृत्युपत्रावर चार ओळी लिहिल्या होत्या. एवढंच की १७९९ मध्ये मरायच्या आधी त्याने आपले गुलाम मोकळे करायचं लिहून ठेवलं, पण त्याच्या माउंट व्हर्नन इस्टेटीवरच्या निम्म्याहून जास्त माणसांना त्याचा काडीचा उपयोग झाला नाही, कारण त्यातली बहुतेक कायद्याने बायकोच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतली होती. खरं तर पान भरायला म्हणून लिहिलेला मजकूर. त्यावर इतकी पत्रं आलीत की या महिन्यात दुसरं काही घेताच येत नाहीये. सारखे प्रश्न एकत्र केलेत, ज्यांचं पत्र इथे छापून नाही आलं त्यांनी रुसू नका.

प्रश्न: मी दुय्यम निबंधक म्हणून निवृत्त झालो, उभी नोकरी दस्त नोंदवण्यात गेली. ती माणसं वॉशिंग्टनची नव्हती आणि बायकोचीही धड नव्हती असं तुम्ही लिहिता. मग मालक कोण? आणि त्या कायद्यात गुलाम स्थावर होता की जंगम? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: साहेब, असा प्रश्न तुम्हीच विचारू शकता. आधी दुसरा घेते. वॉशिंग्टन जिथला त्या व्हर्जिनियात १७०५ च्या कायद्याने गुलाम स्थावर ठरला. हो, स्थावर. चालतो, बोलतो, संधी मिळाली की पळूनही जातो, पण वारसाहक्काच्या बाबतीत कागदावर तो जमिनीसारखा. कारण तंबाखूचे मळे. जमीन एका वारसाकडे आणि ती कसणारे हात दुसऱ्याकडे गेले तर दोघांचंही वाटोळं, म्हणून दोन्ही एकत्र राहावीत. सावकाराला मात्र याची आडकाठी नव्हती, कर्ज थकलं की गुलाम गुराढोरांसारखे जप्त करून विकता यायचे. म्हणजे वारसासाठी स्थावर आणि वसुलीसाठी जंगम, जशी मालकलोकांची सोय. पुढे १७२७ मध्ये अजून एक पाऊल. 'एंटेल' म्हणून प्रकार होता, जमीन कायमची एका वंशाला बांधून टाकायची, ज्या वारसाच्या हातात ती येईल त्याला विकायची मुभाच नाही. तर अशा जमिनीला गुलामही बांधून टाकायची सोय केली, त्यांच्या होणाऱ्या मुलांबाळांसकट.

आता मालक कोण. डॅनियल पार्क कस्टिस नावाचा बडा मळेवाला जुलै १७५७ मध्ये वारला, मृत्युपत्र न करता. मागे बायको मार्था, वय २६, आणि दोन लहान मुलं, जॅकी आणि पॅट्सी. जमीन साधारण १७,५०० एकर, गुलाम जवळपास ३००. मृत्युपत्र नाही म्हटल्यावर कायद्याने वाटणी. विधवेला तिसरा हिस्सा, पण जमीन आणि गुलामांमधला हिस्सा हयातीपुरता, ज्याला ते 'डॉवर' म्हणायचे. उत्पन्न खा, राबवून घ्या, पण विकायचं नाही, सोडायचं नाही, आणि डोळे मिटले की सगळं परत कस्टिसच्या वारसांकडे. आपल्याकडे १९५६ च्या कायद्याआधी हिंदू विधवेचा जो मर्यादित हक्क असायचा तो तुम्ही शेकडो दस्तांमध्ये पाहिला असेल, साधारण त्याचाच भाऊ. जानेवारी १७५९ मध्ये मार्थाने वॉशिंग्टनशी लग्न केलं आणि तो दोन्ही मुलांचा पालक झाला, आपल्या सातबाऱ्यावर अ.पा.क. असतो ना तसा, मुलांच्या इस्टेटीचा हिशोब कोर्टात देणारा.

म्हणजे वॉशिंग्टन वहिवाटदार, मार्था हयातीपुरती, आणि खरे मालक म्हणाल तर एक मेलेला माणूस आणि त्याची अजून जन्माला न आलेली नातवंडं. जॅकी १७८१ मध्ये तापाने गेला, त्याची चार मुलं मग वारस झाली.

यात एक गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. लग्नाच्या वेळी डॉवरमध्ये ८० पेक्षा थोडे जास्त लोक होते, १७९९ च्या यादीत ते १५३ झाले. विकत घेऊन नाही, बायकांना मुलं होऊन. हयातीपुरत्या हक्कात मुद्दल वाढत होतं आणि वाढसुद्धा वारसांचीच. त्या वर्षी माउंट व्हर्ननवर एकूण ३१७ गुलाम होते, वॉशिंग्टनच्या स्वतःच्या मालकीचे साधारण १२३, डॉवरचे १५३, आणि उरलेले चाळीसेक भाड्याने आणलेले. माणसं भाड्याने. नांगर आणावा तशी.

प्रश्न: ताई राग येऊ देऊ नका पण मला हे कारण पटलं नाही. एवढा मोठा माणूस, सेनापती, पहिला राष्ट्राध्यक्ष, त्याने म्हटलं असतं जा बाबांनो तुम्ही मोकळे, तर अडवणार कोण होतं? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: राग कसला, मलाही अर्धवटच पटलंय. डॉवरच्या बाबतीत अडवणारा कायदा होता. त्यातला माणूस सोडला तर त्याची किंमत कस्टिस इस्टेटीला भरून द्यायची, अशी दीडशे माणसांची किंमत, आणि वॉशिंग्टनकडे जमीन बख्खळ पण रोकड कायम कमी. इथपर्यंत त्याची बाजू.

पण स्वतःच्या माणसांचं काय? वडील १७४३ मध्ये गेले तेव्हा अकरा वर्षांच्या या मुलाच्या वाट्याला १० गुलाम आले, मग मोठा होऊन त्याने आणखी विकत घेतले. व्हर्जिनियात १७२३ पासून गव्हर्नर आणि त्याच्या कौन्सिलच्या परवानगीशिवाय गुलाम सोडताच येत नव्हता हे खरं आहे. पण १७८२ मध्ये तो कायदा बदलला, त्यानंतर मालकाने कागद करून दिला की माणूस मोकळा. मृत्युपत्र कधीचं? १७९९ चं. मधली सतरा वर्षं मी तरी त्याला माफ करायला तयार नाही. विकताना हात कचरला नव्हता. १७६६ मध्ये टॉम नावाचा सारखा पळून जाणारा माणूस त्याने जहाजाच्या कॅप्टनच्या ताब्यात दिला, वेस्ट इंडिजमध्ये विक म्हणून, आणि बदल्यात येताना काय आणायला सांगितलं तर काकवी, रम, लिंबं, काही गोड पदार्थ आणि चिंच. हे वाचल्यापासून आमटीत चिंच घालताना मला टॉम आठवतो, काय करू.

मृत्युपत्रातसुद्धा सुटका लगेच नाही, मार्था गेल्यावर. कारण दिलंय की त्याच्या माणसांची आणि डॉवरवाल्यांची आपसात लग्नं झालीत, बायकोच्या हयातीत अर्धी घरं मोकळी आणि अर्धी गुलाम असं झालं तर फार क्लेश होतील. लगेच मोकळा झाला फक्त एक, स्वातंत्र्ययुद्धात सावलीसारखा सोबत असलेला विल्यम ली, आणि त्याला वर्षाला ३० डॉलर बांधून दिले. बाकीच्यांची सुटका एका म्हाताऱ्या बाईच्या श्वासावर टांगलेली आणि हे सगळ्या घराला माहीत. त्या वेळच्या राष्ट्राध्यक्षाची बायको अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्स डिसेंबर १८०० मध्ये तिकडे जाऊन आली, तिने बहिणीला लिहिलं की मार्थाला या लोकांच्या हातात आपला जीव सुरक्षित वाटत नाही. त्याच महिन्यात मार्थाने सही केली आणि १ जानेवारी १८०१ ला वॉशिंग्टनची माणसं सुटली. दया वगैरे मला त्यात फारशी दिसत नाही. पूर्ण मालकीचा असा मार्थाचा एकच गुलाम होता, एलिश, त्याच्या बाबतीत ना कस्टिस आडवे येत होते ना कायदा, आणि त्याला तिने मृत्युपत्रात नातवाला देऊन टाकलं.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत असतो, मुलगी पाचवीत आहे आणि तिला ओना जजवर प्रोजेक्ट आहे. तिने विचारलं की वॉशिंग्टनने मेल्यावर सगळ्यांना सोडलं तर ओनाचं नाव त्यात का नाही? मला उत्तर देता आलं नाही. (एक आई)

उत्तर: कारण ओनाची आई बेट्टी डॉवरमधली. बेट्टी शिवणकाम करायची, वडील अँड्र्यू जज हे कराराने आलेले इंग्रज शिंपी, करार संपल्यावर ते मोकळे. पण बापाचा काही संबंधच नाही, १६६२ पासून व्हर्जिनियात मूल आईच्या अवस्थेला जायचं. आई ज्या वहीत, मूल त्याच वहीत.

मुलीला हे सांगा की राजधानी फिलाडेल्फियाला होती तेव्हा ओना मार्थाची खास दासी म्हणून तिथे राहायची, आणि पेनसिल्वेनियाच्या १७८० च्या कायद्याने बाहेरून आणलेला गुलाम सलग सहा महिने राहिला की मोकळं होण्याचा हक्क मागू शकायचा. वॉशिंग्टनने काय केलं, सहा महिने भरायच्या आत सगळ्यांना राज्याबाहेर फिरवून आणायचं, आणि सेक्रेटरीला लिहिलं की हे असं कर की त्यांनाही कळू नये आणि लोकांनाही कळू नये. कारण पुन्हा तेच, डॉवरवाले सुटले तर भरपाई माझ्या खिशातून.

मार्च १७९६ मध्ये मार्थाची थोरली नात एलायझा हिचं लग्न थॉमस लॉ याच्याशी झालं. हा लॉ आपल्याला परका नाही बरं का. ईस्ट इंडिया कंपनीचा बिहारमधला कलेक्टर, तिथल्या जमीन महसुलाच्या मोकररी पद्धतीचा पुरस्कर्ता, ज्यातून पुढे बंगालच्या कायमधाऱ्याला बळ मिळालं, आणि भारतीय बाईपासून झालेली मुलं घेऊन अमेरिकेत गेलेला. इकडे जमिनीचा सारा बांधून देणारा माणूस तिकडे असा कस्टिसांचा जावई झाला. तर ओनाला समजलं की आपल्याला या एलायझाला देणार आहेत. २१ मे १७९६ ला घरातले जेवायला बसले असताना ती निघाली ती जहाजाने न्यू हॅम्पशायरच्या पोर्टस्मथला. राष्ट्राध्यक्षाने तिच्यासाठी खुद्द अर्थखात्याच्या मंत्र्याला कामाला लावलं आणि मंत्र्याने तिथल्या कस्टम अधिकाऱ्याला. ओना म्हणाली, तुम्ही दोघं गेल्यावर मला मोकळी करणार असाल तर येते परत. वॉशिंग्टनने साफ नाही म्हटलं, म्हणे बेइमानीला बक्षीस दिल्यासारखं होईल, बाकीचे काय म्हणतील.

तिने जॅक स्टेन्स नावाच्या मोकळ्या खलाशाशी लग्न केलं, तीन मुलं झाली, आणि ती मुलंसुद्धा कायद्याने कस्टिस इस्टेटीचीच, न्यू हॅम्पशायरमध्ये जन्मून आणि बाप मोकळा असून. एलायझाला ओनाच्या जागी तिची धाकटी बहीण डेल्फी दिली गेली. ओना १८४८ मध्ये वारली, कागदावर शेवटपर्यंत पळालेली गुलाम. म्हातारपणी पेपरवाल्याने विचारलं की तिकडच्यापेक्षा इकडे जास्त कष्ट काढावे लागले, पस्तावा होतो का, तर ती नाही म्हणाली.

प्रश्न: आपल्याकडे तरी असलं काही नव्हतं ना? (एक वाचक, पुणे)

उत्तर: होतं. पेशवाईतल्या कागदांत कुणबिणी आणि बटकी विकत घेतल्याच्या, विकल्याच्या नोंदी आहेत, गोव्यात पोर्तुगीज घरांत आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते. १८४३ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात कोर्टांनी गुलामीचा हक्क मानणं बंद केलं. यावर वेगळं लिहायचं मनात आहे, दोन ओळींत उरकण्यासारखं नाही ते.

प्रश्न: मी दिवाणी वकिली करतो. मालकाला गुलाम बाईपासून झालेल्या मुलाला इस्टेटीत काही हिस्सा मिळायचा का? (एक वाचक, सातारा)

उत्तर: हक्काने शून्य. उलट ते मूलच इस्टेटीचा हिस्सा. मालकाची मर्जी असली तर काहीतरी, आणि मर्जी कशी असते ते बघायचं तर याच घरातला डॅनियलचा बाप जॉन कस्टिस बघा, असा माणूस कादंबरीत घातला तर तुम्ही म्हणाल अति झालं. बायकोशी इतकं वाकडं की १७१४ मध्ये दोघांनी रीतसर करार केला, एकमेकांना शिव्या द्यायच्या नाहीत वगैरे. बायको तरुणपणीच गेली. याने आपल्या थडग्यावर काय कोरायचं ते मृत्युपत्रात लिहून ठेवलं: वय ७१, पण जगला सातच वर्षं, ब्रह्मचारी म्हणून वेगळं घर करून राहिला तेवढीच. आणि मुलाने हे कोरलं नाही तर त्याला एक शिलिंग देऊन वारसातून बाद. डॅनियलने मुकाट्याने कोरून घेतलं.

तर या म्हाताऱ्याला अ‍ॅलिस नावाच्या गुलाम बाईपासून एक मुलगा होता, जॅक. त्याच्यावर भारी जीव. डॅनियलने मार्थाशी लग्न करायचं काढलं तेव्हा म्हातारा अडून बसला, ती आपल्या तोलामोलाची नाही म्हणे, धमक्या द्यायला लागला की सगळं जॅकला देऊन टाकीन. शेवटी मध्यस्थी करणाऱ्या एका वकिलाने डॅनियलच्या नावाने जॅकला एक छोटा घोडा, लगाम आणि खोगीर भेट दिलं आणि बाप विरघळला. म्हणजे मार्थाचं पहिलं लग्न, त्यातून आलेली इस्टेट, आणि वॉशिंग्टनचं पुढचं सगळं ऐश्वर्य, यातला एक धागा त्या पोराच्या घोड्यापाशी येतो. जॅकला सोडायला गव्हर्नर आणि कौन्सिलची परवानगी लागत होती, ती म्हाताऱ्याने काढली. मृत्युपत्रात त्याच्यासाठी मजबूत घर बांधायचं, आत रशियन चामड्याच्या डझन-डझन खुर्च्या, अक्रोडाच्या लाकडाची टेबलं, सगळं यादीसकट. म्हातारा १७४९ मध्ये गेला आणि जॅक १७५१ मध्ये, पोरवयातच, मानेत कळ आली आणि एका दिवसाच्या आत गेला.

दुसरं टोक म्हणजे पुढे तिसरा राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेफरसनचा सासरा जॉन वेल्स. १७७३ मध्ये वारला, एलिझाबेथ हेमिंग्ज या गुलाम बाईपासून त्याला सहा मुलं होती, आणि त्यांना काही मिळालं नाही, तीच मिळाली. आईसकट जेफरसनच्या घरात आली, वारसाने, साधारण १३५ माणसांच्या वाट्यात, सोबत ११,००० एकर आणि सासऱ्याचं डोक्याएवढं कर्ज. सगळ्यात धाकटी सॅली तेव्हा तान्ही. जेफरसनच्या बायकोची ती सावत्र बहीण, आणि तीच तिची मालमत्ता. वकीलसाहेब, तुमच्या दाव्यात सावत्र बहिणी प्रतिवादी असतात, इथे ती परिशिष्टात असायची, मिळकतीच्या वर्णनात.

प्रश्न: मार्था गेल्यावर त्या १५३ जणांचं काय झालं? (हा प्रश्न निदान दहा जणांनी विचारलाय)

उत्तर: मार्था २२ मे १८०२ ला गेली आणि वाटणी झाली. चार नातवंडं, चार हिस्से. आयझॅक नावाचा सुतार वॉशिंग्टनच्या मालकीचा, म्हणून १८०१ मध्ये मोकळा. बायको किट्टी डॉवरची, त्यांना नऊ मुली, आणि नऊच्या नऊ डॉवरच्या, त्या वेगवेगळ्या नातवंडांच्या हिश्शात गेल्या. मोकळा बाप बघत राहिला. हर्क्युलिस नावाचा नामांकित आचारी १७९७ मध्ये वॉशिंग्टनच्या वाढदिवशीच पळाला होता, मृत्युपत्राने तोही कागदोपत्री मोकळा झाला, त्याची मुलं मात्र नाहीत, कारण त्यांची आई डॉवरमधली. मृत्युपत्रात जे क्लेश टाळायचे म्हणून लिहिलं होतं ते सगळे झाले, फक्त तीन वर्षं उशिरा.

नातू जॉर्ज वॉशिंग्टन पार्क कस्टिस याने पोटोमॅक नदीकाठी आर्लिंग्टन हाउस बांधलं. त्याची मुलगी रॉबर्ट ई. लीची बायको, हा ली म्हणजे पुढे यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूचा सेनापती. नातू १८५७ मध्ये वारला, मृत्युपत्रात लिहिलं की गुलामांना पाच वर्षांच्या आत मोकळं करा, व्यवस्थापक जावई. ते जवळपास दोनशे लोक म्हणत होते की मालक गेला म्हणजे आम्ही सुटलो, जावई म्हणत होता आधी इस्टेटीची कर्जं फिटू देत आणि नातींना लिहून दिलेल्या रकमा निघू देत. वेस्ली नॉरिस नावाचा तरुण १८५९ मध्ये पळाला, पकडला गेला, चाबकाचे फटके खाल्ले. लीने सुटकेच्या कागदावर सही केली ती डिसेंबर १८६२ मध्ये, पाच वर्षं पूर्ण चोखून.

आणि याच नातवाला माउंट व्हर्ननहून वाटणीत आलेल्या एका गुलाम बाईपासून मुलगी होती, मारिया. तिने चार्ल्स सायफॅक्सशी लग्न केलं, बापाने १८२६ मध्ये तिला मोकळं केलं आणि आर्लिंग्टनच्या कोपऱ्यात १७ एकर दिले. तोंडी. ना बक्षीसपत्र, ना काही. ती तिथे राहत राहिली, मुलं वाढवली. मग यादवी युद्ध आलं, सरकारने आर्लिंग्टन ताब्यात घेतलं आणि १८६४ मध्ये ९२ डॉलर आणि काही सेंटचा कर थकला म्हणून लिलावात स्वतःच विकत घेतलं (मालकिणीने नातेवाइकाच्या हाती पैसे पाठवले होते, अधिकारी म्हणाले मालकाने स्वतः यायला पाहिजे). तिथेच आज ती प्रसिद्ध लष्करी दफनभूमी आहे. लीच्या मुलाने पुढे सरकारवर केस केली, १८८२ मध्ये सुप्रीम कोर्टात पाच विरुद्ध चार अशी जिंकला आणि १,१०० एकरांचे १,५०,००० डॉलर घेऊन मोकळा झाला.

मारियाचे १७ एकरही त्या लिलावात सरकारच्या नावावर गेले होते. तिच्याकडे कोर्टात ठेवायला कागदच नव्हता. मुलगा विल्यम वॉशिंग्टन शहरात सरकारी नोकरीत होता, त्याने खटपट केली आणि १८६६ मध्ये काँग्रेसने तिच्या एकटीसाठी कायदा करून जमीन तिच्या नावावर केली. नाशिकचे साहेब, तुमच्या भाषेत सांगायचं तर ताबा चाळीस वर्षांचा, दस्त शून्य, आणि नोंद शेवटी संसदेने ओढली.